वाफेच्या गावात

गेले दोन महिने या सदरात परीक्षा, निकाल आणि मुलांच्या हातातला मोबाइल यांवरच लिहिणे झाले. वाचक कंटाळले असतील, आम्हीही कंटाळलो. म्हणून या वेळी शाळा जरा बाजूला ठेवून मेच्या सुट्टीतल्या प्रवासाविषयी लिहितो.

आमची भाची आणि तिचे शोहर काही वर्षांपासून जपानमध्ये बेप्पू नावाच्या गावी राहतात. भाची शिकायला म्हणून गेली, दोघांना तिथेच नोकरी लागली, तिथेच लेक झाली. "खाला, एकदा येऊन बघा तरी," असे ती दर ईदला फोनवर म्हणायची. या वेळी म्हणाली, "आम्हाला एक गोष्ट ठरवायचीय. फोनवर नको. तुम्ही दोघं याच." मग आम्ही दोघांनी साठवलेले पैसे मोजले, रजेचे अर्ज लिहिले आणि निघालो.

ओसाकाहून संध्याकाळी सुटलेले जहाज रात्रभर जपानच्या आतल्या समुद्रातून चालते आणि सुमारे बारा तासांनी बेप्पूला लागते. विमान आणि रेल्वेनेही जाता येते, पण हे गाव मोठे झाले ते जहाजांमुळे. १९१२ पासून ओसाकाहून मोठी प्रवासी जहाजे इथे येऊ लागली आणि समुद्रकाठची ही वस्ती देशभर माहीत झाली. म्हणून आम्हीही त्याच वाटेने गेलो. फजर केबिनमध्ये अदा केली आणि डेकवर आलो. समोर हिरवा डोंगर, पायथ्याशी उतरत आलेले गाव आणि गावभर पांढरा धूर. एखाद्या मोठ्या निकाहच्या जेवणासाठी ठिकठिकाणी चुली पेटवाव्यात तसा. जवळ गेल्यावर कळले, धूर नव्हे, वाफ. घरांच्या मधून, गटारांच्या जाळीतून, दुकानांच्या मागून वाफ निघत असते.

बेप्पू हे क्युशू बेटावर, ओइता प्रांतात आहे. पाठीशी त्सुरुमी नावाचा १,३७५ मीटर उंच ज्वालामुखी, पुढ्यात उपसागर. डोंगरावर पडलेला पाऊस जमिनीत खोल मुरतो, तप्त खडकांजवळ तापतो आणि भेगांतून वर येतो. असे दोन हजारांहून जास्त झरे या एका गावात आहेत. जपानमध्ये इतके झरे दुसऱ्या कुठल्याच गावात नाहीत. आपल्या कोकणात उन्हवरे, राजवाडी, तुरळ इथली गरम पाण्याची कुंडे आम्ही पाहिली आहेत. तोच गंधकाचा वास नाकात भरला आणि परदेशात आल्याचे दडपण थोडे उतरले.

पहिल्या दिवशी भाचीने ताकेगावारा नावाच्या जुन्या स्नानगृहात नेले. हे सार्वजनिक हमाम १८७९ मध्ये सुरू झाले. तेव्हा त्यावर बांबूचे छप्पर होते, पुढे कौले आली, म्हणून नाव पडले 'बांबूचे कौल'. आजची लाकडी इमारत १९३८ ची. दर्शनी भागाचे वळणदार छप्पर इतके रुबाबदार की आम्हाला आधी ते एखाद्या राजाचे निवासस्थान वाटले. प्रत्यक्षात शेजारपाजारचे म्हातारे काखेत पंचा घेऊन आत शिरत होते. दुसऱ्या महायुद्धात या गावावर मोठे बॉम्बहल्ले झाले नाहीत, म्हणून अशा इमारती उरल्या.

आता पडद्याची गोष्ट. वाचक भगिनी विचारतीलच. जपानी स्नानगृहात पुरुषांची आणि स्त्रियांची बाजू वेगळी असते, पण आपापल्या बाजूला सगळे जण विवस्त्र होऊन पाण्यात उतरतात. त्यांना त्यात काही वाटत नाही. आधी बाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, मगच कुंडात शिरायचे, पाण्यात पंचासुद्धा बुडवायचा नाही, हे नियम ते अतिशय कसोशीने पाळतात. स्वच्छतेचा हा आग्रह आम्हाला फार आवडला. परंतु आपल्याकडे पुरुषाने पुरुषापुढे आणि बाईने बाईपुढेही सत्र सांभाळायचे असते, त्यामुळे ते कुंड आमच्यासाठी नव्हते. यावर गावातच उपाय आहे. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या लहान खोल्या असतात, आत आपले कुटुंब आणि दाराला कडी. पाय बुडवायची फुकट कुंडेही जागोजागी आहेत. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बसायचे, एवढेच. जपानला जाणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे. लाजून परत फिरायचे कारण नाही.

ताकेगावारात वाळूचे स्नानही आहे आणि तिथे अंगभर सुती झगा घालूनच झोपावे लागते. आमच्यापैकी एकाने ते धाडस केले, दुसऱ्याने बाहेरच्या बाकावर बसून चपला राखल्या. गरम पाण्याने भिजवलेली काळी वाळू. त्यात लांबट खड्डा करून ठेवलेला. आपण उताणे झोपायचे. मग काम करणारी बाई फावड्याने पायांपासून वाळू ओढत आणते आणि मानेपर्यंत पुरून टाकते. चेहरा तेवढा उघडा. वाळूचे वजन छातीवर येते आणि आपल्याच नाडीचे ठोके कानात ऐकू येऊ लागतात. दहा मिनिटांचा खेळ, सांधेदुखीला चांगला म्हणतात. पण आमच्या मनात सांधे नव्हतेच. लांबट खड्डा, उताणा देह, वरून पडणारी माती. बाहेर आल्यावर आम्ही ते बोलून दाखवले तेव्हा भाची हसली नाही. "माझ्या मनातही पहिल्यांदा तेच आलं होतं," एवढेच म्हणाली.

रेल्वे स्टेशनासमोर एका टकल्या म्हाताऱ्याचा पुतळा आहे. दोन्ही हात वर, एक पाय उचललेला, अंगावर झगा आणि झग्याला लोंबकळणारे एक छोटे भूत. इतका हसरा पुतळा आम्ही दुसरा पाहिला नाही. आपल्याकडचे पुतळे बोट दाखवतात किंवा तलवार उपसतात, हा चक्क मुलांना खेळायला बोलावतो आहे. हे आबुराया कुमाहाची (१८६३-१९३५). उवाजिमा गावचे. ओसाकात तांदळाच्या सट्ट्यात भरपूर कमावले, सगळे गमावले, अमेरिकेला गेले, तिथे ख्रिस्ती झाले, आणि १९११ मध्ये बेप्पूला येऊन त्यांनी लहानशी खानावळ-धर्मशाळा काढली. पुढे तिचे मोठे हॉटेल झाले. १९२८ मध्ये त्यांनी गाव दाखवणारी बस सुरू केली आणि माहिती सांगायला तरुण मुली नेमल्या. बसमधल्या स्त्री मार्गदर्शकांची जपानमधली सुरुवात ही मानतात. बेप्पूची जाहिरात करणारा खांब त्यांनी थेट फुजी पर्वतावर नेऊन रोवला होता!

परक्या प्रवाशाचा आदर करा, ही बायबलमधली शिकवण त्यांनी आपल्या धंद्याचे सूत्र केले होते, असे भाचीने सांगितले. आम्हाला आपली जकात आठवली. जकातीच्या आठ हक्कदारांत मुसाफिरही आहे, हे आपण मुलांना तोंडपाठ करायला लावतो. पण आपल्या दारी आलेला अनोळखी मुसाफिर आपल्याला शेवटचा कधी दिसला? पुतळ्याजवळच हात बुडवायचे गरम पाण्याचे कुंड आहे. गाडी पकडायला निघालेली माणसेही दोन क्षण थांबून हात शेकतात.

दुसरा दिवस 'जहन्नम' पाहण्यात गेला. आम्ही विनोद करत नाही. उकळत्या, चिखलाच्या, रंगीत पाण्याच्या डोहांना जपानीत 'जिगोकू' म्हणजे नरकच म्हणतात. पूर्वी या भागात जमिनीतून वाफ आणि उकळता चिखल उसळत असे, शेती होत नसे, घर बांधता येत नसे. लोक या जागेला शापित समजत. आज त्याच जागेला तिकीट आहे. उमी जिगोकू, म्हणजे समुद्र-नरक, इतका निळा आहे की हात घालावासा वाटतो. तपमान मात्र ९८ अंश. ची-नो-इके, रक्ताचा तलाव, लोहयुक्त मातीने लालभडक. आठव्या शतकात बुंगो प्रांताची जी माहिती लिहिली गेली, तिच्यात या लाल पाण्याचा उल्लेख आहे, म्हणजे माणसे बाराशे वर्षांहून अधिक काळ त्याकडे बघत आहेत. तात्सुमाकीत साधारण अर्ध्या तासाने कारंजे उसळते. ओनियामात १९२३ पासून गरम पाण्याच्या जोरावर मगरी पाळतात. त्या मगरी आम्हाला अजिबात आवडल्या नाहीत. निजलेल्या प्राण्यांच्या ढिगाकडे काय बघायचे?

खरे सांगायचे तर जहन्नम हा शब्द असा फोटोखाली छापलेला पाहून मन थोडे बिचकले. आपल्याकडे हा शब्द उच्चारताना माणूस तौबा म्हणतो. इथे शाळेची मुले उकळत्या डोहासमोर उभी राहून खिदळत होती आणि त्याच वाफेवर शिजवलेली अंडी सोलून खात होती. भाचीची चार वर्षांची लेकही त्यांच्यातच. ती जपानीत काहीतरी म्हणाली आणि सगळी मुले हसली. आम्हा दोघांना एक अक्षर कळले नाही.

दुपारी कान्नावा भागात गेलो आणि तिथे मात्र जीव रमला. उतारावरच्या अरुंद गल्ल्या, दगडी पायऱ्या, प्रत्येक वळणावर वाफ. सांगतात की तेराव्या शतकात इप्पेन नावाचा फिरता बौद्ध भिक्षू इथे आला, त्याने खवळलेले हे नरक शांत केले आणि लोकांसाठी वाफेचे स्नानगृह बांधले. दंतकथा बाजूला ठेवली तरी स्नानगृहाची परंपरा चालू आहे. तापलेल्या जमिनीवर सुवासिक पाती पसरतात आणि बुटक्या दगडी खोलीत लोक काही मिनिटे पडून राहतात. पूर्वी शेतकरी आणि कोळी कामाचा हंगाम संपला की इथे आठवडेच्या आठवडे मुक्काम करत. तांदूळ, भाजी घरून आणायची, खोली भाड्याने घ्यायची, अंगणातल्या वाफेच्या चुलीवर आपले आपण शिजवायचे. गरिबाचे सॅनेटोरियम म्हणा. गावाच्या वाफेसकट या साऱ्या देखाव्याला सरकारने २०१२ मध्ये सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिले. वाफेला वारसा म्हणणारे सरकार आम्हाला फार आवडले.

त्या चुली आजही भाड्याने मिळतात. मुस्लिम प्रवाशाला याहून सोयीचे काय? परदेशात हॉटेलात बसले की रश्श्यात काय, तेल कसले, सॉसमध्ये दारू आहे का, विचारता विचारता भूक मरते. इथे आम्ही बाजारातून मासे, अंडी, रताळी, मक्याची कणसे आणि कोबी घेतला. टोपलीत रचून वाफेवर ठेवला, लाकडी झाकण घातले. ना तेल, ना मसाला. झाकण उघडले तेव्हा चष्म्यावर वाफ बसून आम्हा दोघांनाही काही दिसेना. रताळ्याची गोडी अजून जिभेवर आहे. माशावर मात्र आम्ही घरून नेलेले तिखट-मीठ टाकले. इतके साधे जेवण आमच्याने होत नाही.

त्याहून वर म्योबान वस्ती आहे. म्योबान म्हणजे तुरटी. एडो राजवटीत, दीड-दोनशे वर्षे, इथे तुरटी निघत असे. रंग पक्का करायला आणि औषधाला ती लागे. आता गवताने शाकारलेल्या बुटक्या झोपड्यांत 'यु-नो-हाना', म्हणजे गरम पाण्याचे फूल पिकवतात. जमिनीवर निळसर मातीचा थर, त्यातून खालची वाफ वर येते आणि मातीवर पांढरे-पिवळे स्फटिक धरतात. दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. दीड-दोन महिन्यांनी खरवडून काढायचे आणि आंघोळीच्या पाण्यात टाकायला विकायचे. शिक्षकी पेशातल्या माणसाला तो वेग ओळखीचा वाटला.

बाकी गोष्टी धावत्या पाहिल्या. १९५७ चा बेप्पू टॉवर, तोक्योच्या प्रसिद्ध टॉवरचा एक वर्षाने मोठा भाऊ, दोघांचा आराखडा एकाच माणसाचा, ताचू नाइतो यांचा. आणि झाडांनी भरलेली मोठी बाग, जिथे युद्धानंतर अमेरिकी सैन्याची छावणी होती. कोरियाचे युद्ध पेटले तेव्हा १९५० च्या जुलैत इथले सैनिक तिकडे गेले. आता तिथे म्हाताऱ्या बायका सकाळी कवायत करतात.

तिसरा दिवस जुम्याचा होता. २००० साली डोंगरावर एक आंतरराष्ट्रीय विद्यापीठ सुरू झाले, त्याचे निम्म्याच्या आसपास विद्यार्थी परदेशी आहेत. इंडोनेशिया, बांगलादेश, पाकिस्तान, उझबेकिस्तान, आपला भारत. त्यांच्यामुळे गावात मशीद आली. बाहेरून साधी इमारत, ना घुमट ना मिनार. इथे किब्ला पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे. म्हणजे समुद्राकडे पाठ आणि त्सुरुमी डोंगराकडे तोंड करून उभे राहायचे. नमाजनंतर खाली दस्तरखान पसरला. कुणी बिर्याणी आणली होती, कुणी नासी गोरेंग. जेवताना आमच्या जावयांनी ती गोष्ट काढली, ज्यासाठी आम्हाला बोलावले होते.

दोघांना कायमचे तिथे राहायचे आहे. नोकरी चांगली, गाव शांत, लेकीची शाळा उत्तम. अडले आहे ते एका ठिकाणी. मेल्यावर कुठे? जपानमध्ये ९९ टक्क्यांहून अधिक मृतदेहांचे दहन होते. मुस्लिमांसाठी दफनाच्या जागा सगळ्या देशात मिळून दहाच्या आसपास, आणि क्युशू बेटावर एकही नाही. कुणाचा इंतकाल झाला तर मय्यत गाडीत घालून शेकडो किलोमीटर दूरच्या कब्रस्तानात न्यायची, नाहीतर मायदेशी पाठवायची. "आम्हा दोघांचं काहीही होवो," भाची म्हणाली, "पण हिचं काही झालं तर?" लेक तिच्या मांडीवर झोपली होती. आम्ही दोघे गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला हिजीला नेले. बेप्पूच्या उत्तरेला, त्याच उपसागराच्या काठी, गाडीने अर्ध्या तासावर हे लहान गाव आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला किल्ला समुद्राच्या अगदी कडेला, आणि किल्ल्याच्या आवारात आता प्राथमिक शाळा भरते. तटबंदीच्या आत मुलांचे मैदान! आम्ही बराच वेळ कुंपणाशी उभे होतो. तटाखाली समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे फुटतात आणि त्या पाण्यात वाढलेला चपटा मासा पूर्वी खास सरदारांकडे जाई. आजही या गावची ओळख तोच मासा.

हे पाणी लक्षात ठेवा. कारण बेप्पूच्या मुस्लिम संघटनेने कब्रस्तानासाठी हिजीतच जागा घेतली, आणि गावकऱ्यांनी विरोध केला तो पाण्याच्या भीतीने. दफनामुळे जमिनीखालचे पाणी बिघडेल, तळ्यात उतरेल, शेतीमालाची बदनामी होईल. बरीच वर्षे बैठका झाल्या. मग जवळच्या ख्रिस्ती मठाशेजारची नगरपालिकेची जमीन सुचवली गेली. त्या मठातले धर्मबंधू आपल्या माणसांना जमिनीतच पुरतात. तिथल्या रहिवाशांशी समझोताही झाला. पण २०२४ च्या निवडणुकीत ती जमीन द्यायला विरोध करणारे उमेदवार नगराध्यक्ष झाले आणि सारे थांबले.

आमच्या जावयांना राग आहे. आम्हालाही आला असता, पण गावकऱ्यांच्या भीतीला आम्ही द्वेष म्हणणार नाही. जे गाव समुद्राच्या तळातूनसुद्धा गोडे पाणी पिते, त्याने पाण्याला जपणे साहजिक आहे. शंका असेल तर पाणी तपासावे, अंतर ठरवावे, मग होय म्हणावे. नुसते 'आमच्यात ही पद्धत नाही' हे उत्तर मात्र पटत नाही, कारण जपानचा इतिहासच वेगळे सांगतो. मेजी सरकारने १८७३ मध्ये उलट दहनावरच बंदी घातली होती! दोन वर्षांत ती उठवली, पण दफन ही तिथली जुनी, सर्वत्र चालणारी रीत होती. दहन सार्वत्रिक झाले विसाव्या शतकात. १९४८ च्या दफनभूमीविषयक कायद्यानेही दफनावर बंदी घातलेली नाही. प्रश्न जागेचा आणि शेजाऱ्यांच्या मनाचा आहे.

हिजीत आणखी एक जागा आहे, छोटी, प्रवासी फारसे जात नाहीत अशी. तिची गोष्ट समजायला थोडे मागे जावे लागेल, आणि ती वाट चक्क आपल्या गोव्यातून जाते. १५५१ मध्ये फ्रान्सिस झेवियर या उपसागराच्या काठी फुनाईला, म्हणजे आजच्या ओइता शहरात आले. ओतोमो सोरिन या तरुण सरदाराने त्यांना बोलावले होते. इथूनच पोर्तुगीज जहाजाने ते गोव्याला परत निघाले. पुढच्याच वर्षी चीनच्या किनाऱ्यावर वारले आणि त्यांचा देह आज जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आहे. सोरिन १५७८ मध्ये स्वतः ख्रिस्ती झाला आणि सत्तेच्या भरात त्याने देवळेही मोडली. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर इतिहास एकडोळ्या होतो. मग वारे फिरले. १६१४ मध्ये देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. १६१९ मध्ये हिजीत कागायामा हान्झाएमॉन नावाच्या सामुराईला आणि त्याच्या लहानग्या मुलाला धर्म सोडत नाहीत म्हणून ठार मारले. मुलगा जेमतेम चार-पाच वर्षांचा होता. त्यांच्या स्मरणार्थ तिथे एक लहान बाग केली आहे. २००८ मध्ये पोपच्या संमतीने त्या दोघांना धन्य घोषित करण्यात आले.

त्या बागेत आम्ही पोहोचलो तेव्हा कुणीच नव्हते. गवत नीट कापलेले, कुणीतरी फुले ठेवलेली. ज्या गावाने चारशे वर्षांपूर्वी एका लहान मुलाला धर्मापायी मारले, तेच गाव आज त्याच्यासाठी गवत कापते. भाचीची लेक बागेत पळत होती. आम्ही चौघे मोठी माणसे तिच्याकडे बघत उभे होतो आणि चौघांच्याही मनात वयाचा हिशेब झाला असावा, कारण भाचीने तिला पटकन जवळ बोलावले.

आमच्याकडून त्यांना सल्ला हवा होता. परत या, असे म्हणणे सोपे होते. आपल्या गावी कब्रस्तान आहे, त्यात त्यांचे आजी-आजोबा आहेत. भिंतीवरून वाद असेल, रस्त्यावरून कोर्टकचेरी असेल, पण मय्यत अडून राहत नाही. इतकी मोठी गोष्ट आपल्याला आहे, हे आम्हाला तिथे जाऊन कळले. तरीही परत या, असे आमच्या तोंडून निघाले नाही. आम्ही इतकेच म्हणालो की राहायचे ठरवलेत तर त्या बैठकांना जात राहा. नुसते अर्जदार म्हणून जाऊ नका, शेजारी म्हणून जा. गवत कापायला बोलावले तर जा, तळे साफ करायला बोलावले तर आधी जा. जावई म्हणाले, "तळं साफ करायला दोनदा गेलोय." आम्ही खजील झालो. शिक्षकाला सल्ला द्यायची फार घाई असते.

परतीचे जहाज संध्याकाळी होते. धक्क्यावर निघण्याआधी पुन्हा स्टेशनसमोरच्या कुंडात हात शेकले. भाचीने पुढच्या खेपेसाठी यादी दिली: आमसुले, सुका जवळा, लेकीसाठी मराठी आणि उर्दू बाराखडीची पुस्तके. काही ठरले का, असे आम्ही विचारले नाही, तिने सांगितले नाही.

भोंगा झाला, दोर सुटला. अंधार पडत होता आणि गावावरची वाफ दिव्यांच्या उजेडात पिवळी दिसत होती. धक्क्यावर चिमुरडी आईच्या खांद्यावर बसून, त्या टकल्या पुतळ्यासारखे दोन्ही हात वर करून, आम्ही दिसेनासे होईपर्यंत ओरडत होती. काय ओरडत होती ते इंजिनाच्या आवाजात कळले नाही. कदाचित जपानीच असेल.